फरशीखालची ऊब : आधी थर पाहा, मग तार

मे महिन्यात नागपूर-अकोल्याकडे दुपारी अंथरूण बाजूला सारून थेट फरशीवर आडवे होण्यात मोठे सुख असते. पाठीला लागणारा तो गारवा कूलरपेक्षाही बरा वाटतो. तशीच फरशी जानेवारीतल्या सकाळी लंडन किंवा मँचेस्टरच्या घरात पायाखाली आली, की मात्र माणूस चवड्यांवर चालू लागतो. ब्रिटनमध्ये स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांना हे जरा जास्तच जाणवते, कारण दारात चपला-बूट काढून घरात अनवाणी वावरण्याची सवय तिथे गेल्यावरही सुटत नाही. त्यातून भारतातून आई-वडील काही महिने राहायला येणार असतील, तर बाथरूमचे किंवा स्वयंपाकघराचे काम काढताना एक प्रश्न हमखास निघतो. टाइल्सखाली विजेवर गरम होणारी जाळी बसवून घ्यावी का?

प्रश्न वरवर चैनीचा वाटतो. पण त्यात दरमहाचे वीजबिल आहे, पाणी आणि वीज शेजारी असण्याची जोखीम आहे आणि घरात मधुमेही ज्येष्ठ असतील तर त्यांच्या पायांचा प्रश्नही आहे. शिवाय ही निवड पुन्हा पुन्हा करता येत नाही. फ्रिज बिघडला तर बदलता येतो. टाइलखाली पुरलेली तार बदलायची तर फरशीच उखडावी लागते. म्हणून टाइलचा रंग ठरवण्याआधी तिच्याखाली काय जाणार आहे, हे समजून घेणे शहाणपणाचे.

टाइल गार का लागते?

एका खोलीत रात्रभर पडून असलेली टाइल आणि तिच्याशेजारची सतरंजी यांचे तापमान सकाळी सारखेच असते. खोली १८ अंश सेल्सिअस असेल, तर दोन्ही १८. तरी टाइल गार आणि सतरंजी उबदार लागते. याचे कारण आपली त्वचा वस्तूचे तापमान थेट मोजत नाही. पायातली उष्णता किती वेगाने निघून जाते, ते तिला कळते. टाइल घट्ट आणि जड असते. ती पायातली उष्णता झपाट्याने ओढून घेते आणि आत पसरवते. सतरंजीच्या धाग्यांत हवा अडकलेली असते, त्यामुळे ती उष्णता फारशी ओढतच नाही.

ढोबळ गणित असे : ३० अंशांचा तळवा १८ अंशांच्या टाइलवर ठेवला, की दोघांच्या सीमेवरचे तापमान क्षणात सुमारे २३ अंशांवर येते. तोच तळवा तेवढ्याच गार लाकडावर ठेवला, तर ते २७ अंशांच्या आसपास राहते. या चार अंशांमुळेच माणूस पाय मागे घेतो. डेन्मार्कमध्ये ब्यार्ने ओलेसेन यांनी १९७० च्या दशकात अनवाणी पायांना कोणती जमीन किती तापमानाला बरी वाटते, याचा अभ्यास केला. गालिचा साधारण २१ अंशांनाही सुखद वाटतो, काँक्रीटसारख्या पृष्ठभागाला मात्र २६ ते २८ अंश लागतात, असे त्यातून दिसले. म्हणजे टाइल ‘गरम’ करायची नसते. तिचा गार चटका बसणार नाही, एवढीच उबवायची असते.

गार फरशीवर चालल्याने सर्दी होते, हा समज मात्र बाजूला ठेवायला हवा. सर्दी विषाणूंमुळे होते. थंडीचा खरा धोका वेगळा आहे. गारठ्यात रक्तवाहिन्या आकसतात आणि रक्तदाब वाढतो. वयस्कर आणि हृदयविकार असलेल्यांना ते महागात पडू शकते. जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ मध्ये घरांसाठी दिलेल्या मार्गदर्शक सूचनांत, थंड ऋतूत घरातले तापमान निदान १८ अंश असावे, असे म्हटले आहे. हे तापमान खोलीतल्या हवेचे आहे. फरशी उबदार असली, तरी खोली तेवढी गरम झाली असेलच असे नाही.

ऊब वेगळी, खोली तापवणे वेगळे

जमिनीखालून ऊब देण्याची कल्पना जुनी आहे. रोमन लोक स्नानगृहांची जमीन विटांच्या बुटक्या खांबांवर उचलून घेत आणि खालून भट्टीची गरम हवा खेळवत. इंग्लंडमधल्या बाथ शहरात ते खांब आजही पाहता येतात. कोरियात ‘ऑनडोल’ पद्धतीत चुलीचा धूर दगडी जमिनीखालून फिरवला जाई. काश्मीरमधल्या अनेक मशिदींच्या आणि जुन्या घरांच्या हमामात दगडी लाद्यांखाली लाकडे जाळतात आणि लोक वर बसून ऊब घेतात. या साऱ्या पद्धतींत संपूर्ण जमीन तापत असे आणि तीच खोलीही तापवत असे.

बाथरूममधली विजेची जाळी बहुतेक वेळा एवढे काम करू शकत नाही. त्याला कारण आहे तापमानाची मर्यादा. फरशीतून उष्णता देण्यासाठीच्या युरोपीय मानकात सतत वावर असलेल्या भागासाठी २९ आणि बाथरूमसाठी ३३ अंश ही पृष्ठभागाची कमाल मर्यादा धरली आहे. खोलीच्या हवेपेक्षा फरशी नऊ अंशांनी गरम असेल, तर ती एका चौरस मीटरमधून सुमारे १०० वॉट उष्णता देते. आता दोन बाय दोन मीटरचे बाथरूम घ्या. टब, कमोड आणि बेसिनची जागा वगळली, तर जाळी टाकायला जेमतेम अडीच चौरस मीटर उरतात. त्यातून मिळणार सुमारे २५० वॉट. बाहेरची भिंत, खिडकी आणि हवा बाहेर फेकणारा पंखा असलेल्या जुन्या ब्रिटिश बाथरूमला कडाक्याच्या थंडीत ५०० ते ६०० वॉट सहज लागतात. उरलेल्या उष्णतेसाठी टॉवेल वाळवणारा रेडिएटर किंवा दुसरी सोय ठेवावीच लागते. नव्या, नीट उष्णतारोधक केलेल्या घरात गणित बदलते. तिथे फरशी एकटी पुरेशी होऊ शकते.

खर्चाचेही असेच. जाळ्या साधारण १०० ते २०० वॉट प्रति चौरस मीटर क्षमतेच्या मिळतात. टाइल्सखाली १५० ची जाळी सर्रास वापरतात. अडीच चौरस मीटरला होतात ३७५ वॉट. सकाळी दोन आणि संध्याकाळी दोन तास ती अखंड चालली, तरी दिवसाला दीड युनिट. ब्रिटनमध्ये विजेचा दर युनिटला २५ पेन्सच्या आसपास धरला, तर महिन्याला सुमारे ११ पौंड. थर्मोस्टॅट मध्येच वीज तोडतो, म्हणून प्रत्यक्षात याहून कमीच. पण हाच प्रयोग १२ चौरस मीटरच्या स्वयंपाकघरात दिवसाला दहा तास केला, तर कमाल आकडा महिन्याला १३५ पौंडांपर्यंत जातो. त्यात ब्रिटनमध्ये गॅसपासून मिळणारे युनिट विजेच्या मानाने बरेच स्वस्त पडते. म्हणून छोट्या जागेला, ठरावीक वेळेपुरती ऊब द्यायची असेल, तर विजेची जाळी परवडते. सगळे घर तापवायचे असेल, तर गरम पाण्याच्या नळ्यांची पद्धत पाहावी. विशेषतः घरात हीट पंप असेल तर, कारण तो एका युनिट विजेवर साधारण तीन युनिट उष्णता देतो. मात्र त्यासाठी जमीन जास्त खोलवर खणावी किंवा उंच करावी लागते.

जास्त वॅट की चांगला थर?

दुकानात पहिला प्रश्न असतो, किती वॉटची घ्यायची? पण जास्त वॉट म्हणजे जास्त गरम फरशी असे नाही. अखेरचे तापमान थर्मोस्टॅट ठरवतो. वॉटवर फरशी किती लवकर तिथे पोहोचते, ते अवलंबून असते. आणि हा वेगही वॉटपेक्षा खालच्या थराच्या हाती अधिक असतो.

टाइल आणि ती चिकटवणारा थर मिळून दोन सेंटिमीटर जाडी धरली, तर एका चौरस मीटरचे वजन होते सुमारे ४० किलो. ते दहा अंशांनी तापवायला १५० वॉटच्या जाळीला अर्धा-पाऊण तास लागतो. पण जाळी थेट काँक्रीटवर अंथरली असेल, तर उष्णता वर जाते तशी खालीही जाते. दहा सेंटिमीटर काँक्रीट टाइलच्या पाच-सहा पट उष्णता पिऊन घेते, आणि त्याखाली जमीन असतेच. सकाळी सातला अंघोळीला जायचे असेल, तर जाळी पहाटे चारला सुरू करावी लागते. बिल येते ते जमीन तापवल्याचे.

यावर उपाय म्हणजे जाळीखाली उष्णतारोधक बोर्ड. दाट फोमचा गाभा आणि दोन्ही बाजूंना सिमेंटचा लेप असलेले हे बोर्ड सहा ते दहा मिलिमीटर जाडीतही मिळतात. काँक्रीटवर ते चिकटवतात. लाकडी तळ असेल तर स्क्रूने घट्ट बसवतात, कारण तळ हलला तर वरची टाइल तडकते. बोर्ड, जाळी, समतल करणारा लेप, चिकटवण्याचा थर आणि टाइल मिळून जमीन दोन-तीन सेंटिमीटर उंच होते. दार खालून तासावे लागेल का, उंबऱ्याशी ठेच लागेल का, हे आधीच पाहावे. पैसे वाचवायचे म्हणून गाळली जाणारी पहिली वस्तू बहुधा हे बोर्डच असतात. त्याची किंमत मग दर हिवाळ्यात मोजावी लागते.

तार, जाळी आणि सेन्सर

टाइल्ससाठी मुख्यतः दोन प्रकार असतात. एकात तार ठरावीक अंतरावर जाळीवर आधीच गुंफलेली असते. चौकोनी, सरळ जागेला ती सोयीची. दुसऱ्यात मोकळी तार मिळते आणि ती कोनाड्यांतून, कमोडच्या भोवतीने हवी तशी वळवता येते. अ‍ॅल्युमिनियमच्या पातळ पत्र्यातली चादर लॅमिनेटच्या लाकडी जमिनीसाठी असते. ती टाइलखाली घालू नये.

जाळी वळवताना फक्त तिचे प्लॅस्टिकचे विणकाम कापायचे असते. तापणारी तार कधीही कापायची नाही, आखूड करायची नाही, एकमेकींवरून न्यायची नाही. म्हणून खोलीच्या पूर्ण मापाची नव्हे, तर मोकळ्या जागेच्या मापाची आणि किंचित लहानच जाळी घ्यावी. टब, कमोड किंवा जमिनीला टेकलेले कपाट यांच्याखाली ती टाकू नये, कारण तिथून उष्णतेला वर जायला वाट नसते.

सेन्सर ही सर्वांत स्वस्त आणि सर्वांत दुर्लक्षित वस्तू. फरशी किती तापली, हे थर्मोस्टॅटला तोच सांगतो. तो दोन तारांच्या बरोबर मध्ये, एका बारीक नळीतून सरकवून ठेवावा. पुढे बिघडला, तर नळीतून ओढून नवा घालता येतो. थेट सिमेंटमध्ये पुरला, तर वीस-तीस पौंडांच्या वस्तूसाठी टाइल फोडायची वेळ येते.

पाण्याशेजारची वीज

ओल्या पायांखाली विजेची तार, ही कल्पनाच अनेकांना घाबरवते. भीती अनाठायी नाही, पण तिच्यावरचे उपाय ठरलेले आहेत. तापणाऱ्या तारेभोवती रोधक वेष्टन असते, त्यावर धातूचे आवरण असते आणि ते आवरण अर्थिंगला जोडलेले असते. वेष्टनाला इजा झाली, तर गळणारी वीज अर्थिंगकडे जाते आणि ३० मिलिअ‍ॅम्पिअरचा आरसीडी क्षणार्धात पुरवठा तोडतो. आपल्याकडे त्याला आरसीसीबी म्हणतात. जुने मिस्त्री ईएलसीबीही म्हणतात. हा स्विच आणि नीट अर्थिंग नसेल, तर फरशीखाली जाळी टाकूच नये. ब्रिटनमध्ये थर्मोस्टॅटही शक्यतो बाथरूमबाहेरच्या भिंतीवर बसवतात. आत असतात ती फक्त तार आणि सेन्सर.

इंग्लंडमध्ये असे काम बहुतेक वेळा इमारत नियमांच्या ‘पार्ट पी’ खाली येते. नोंदणीकृत इलेक्ट्रिशियन कामाचे प्रमाणपत्र स्वतः देऊ शकतो. अन्यथा स्थानिक पालिकेच्या इमारत नियंत्रण विभागाला आधी कळवावे लागते. टाइल बसवणारा कारागीर कितीही कुशल असला, तरी जोडणी त्याच्यावर सोपवू नये.

तारेला इजा होते ती बहुतेक वेळा टाइल बसवतानाच. थापीची धार लागते, वरून बूट पडतो. म्हणून मीटरने तारेचा रोध तीनदा मोजतात : खोक्यातून काढल्यावर, अंथरल्यावर आणि टाइल बसवल्यावर. तिन्ही आकडे उत्पादकाने दिलेल्या मर्यादेत असले आणि रोधक वेष्टनाची चाचणीही ठीक आली, तर काम निर्धास्त. हे आकडे लिहून ठेवले नसतील, तर हमी नाकारली जाऊ शकते. चिकटवण्याचा आणि फटी भरण्याचा माल लवचीक प्रकारचा हवा, आणि तो पूर्ण सुकेपर्यंत जाळी चालू करायची नाही. सामान्यतः आठवडाभर किंवा अधिक थांबावे लागते. नेमके दिवस मालाच्या पिशवीवर लिहिलेले असतात. ‘लवकर वाळावे’ म्हणून जाळी लावली, तर ओला थर घाईने सुकून टाइलपासून सुटतो.

ज्या पायांना कळत नाही

आता ज्येष्ठांच्या पायांकडे. मधुमेह जुना झाला, की अनेकांच्या पायांच्या नसा मंदावतात. आधी मुंग्या येतात, जळजळ होते, मग बधिरपणा येतो. बधिर पायाला खडा टोचल्याचे कळत नाही, तसे भाजल्याचेही कळत नाही. म्हणूनच अशा रुग्णांना डॉक्टर गरम पाण्याच्या पिशवीने पाय शेकू नका, असे बजावतात.

मग उबदार फरशी धोक्याची का? सत्तावीस-अठ्ठावीस अंशांच्या टाइलवर उभे राहून कोणी भाजत नाही. तळव्याची त्वचाही साधारण त्याच्या आसपासच असते. पण ‘फार गरम नाही’ अशा तापमानालाही वेळ मिळाला, तर त्वचा जळते. मॉरिट्झ आणि हेन्रिकेस या संशोधकांनी १९४७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत दिसले, की ६० अंशांना त्वचा काही सेकंदांत भाजते, तर ४४ अंशांना तेच व्हायला सुमारे सहा तास लागतात. कोरियात तापलेल्या ऑनडोलवर तासन्‌तास झोपून अशा मंद आचेने भाजल्याच्या नोंदी वैद्यकीय साहित्यात आहेत.

फरशी ४४ अंशांवर जाईलच कशी, असे वाटेल. ती जाते झाकल्यामुळे. फरशीवर जाड गोधडी, घडी घातलेली रजई किंवा गादी टाकली, की त्या जागेपुरती उष्णता वर जायची थांबते. जाळी मात्र वीज घेत राहते, कारण सेन्सर दुसऱ्या कोपऱ्यात आहे आणि तिथली फरशी अजून गारच आहे. थर्मोस्टॅटला गादीखाली काय चालले आहे, हे कळायला मार्गच नसतो. आपल्या घरांत ही शक्यता दूरची नाही. आजी स्वयंपाकघरात बैठक टाकून भाजी निवडत बसतात. नातवंड दुपारी तिथेच गोधडीवर झोपते.

म्हणून अशा घरात काही पथ्ये पाळावीत. थर्मोस्टॅटमध्ये फरशीची कमाल मर्यादा २७-२८ अंशांवर बांधून ठेवावी आणि बटणांना कुलूप लावण्याची सोय असेल तर ती वापरावी. तापणाऱ्या भागावर गादी, जाड बैठक, पसरट उशी ठेवू नये. कोणी खाली बसणार-झोपणार असेल, तर त्या वेळी जाळी बंद करावी. बधिर पाय असलेल्यांनी फरशीचा अंदाज पायाने घेऊ नये, हाताने घ्यावा. घरात मोजे किंवा मऊ सपाता घालाव्यात आणि रोज रात्री तळवे पाहावेत. पायाची संवेदना शाबूत आहे का, हे डॉक्टर नायलॉनच्या एका धाग्याने दोन-तीन मिनिटांत तपासतात. परदेशी जाण्याआधी ती तपासणी करून घेणे सोपे आहे.

या फरशीचा एक फायदा मात्र ज्येष्ठांच्या बाजूचा आहे. ती लवकर कोरडी होते आणि बाथरूममध्ये घसरण्याची भीती कमी होते. तरीही खडबडीत टाइल आणि भिंतीला पकडायची दांडी यांची जागा ती घेऊ शकत नाही. भिंतीवरची बुरशीही तिने जात नाही. त्यासाठी हवा बाहेर काढणारा पंखा चालू असायला हवा.

टाइल बसण्याआधी

महाराष्ट्रात बहुतेक घरांना याची गरज नाही. चार गार सकाळींसाठी सतरंजी आणि पायपुसणे पुरते. ब्रिटन-जर्मनीत किंवा हिमाचल-काश्मीरच्या थंडीत घर करणाऱ्यांनी मात्र कामाला हात लावण्याआधी कंत्राटदाराला पाच प्रश्न विचारावेत. जाळीखाली उष्णतारोधक बोर्ड येणार आहे का? खोलीला लागणारी एकूण उष्णता मोजली आहे का, आणि उरलेली कुठून येणार? सेन्सर नळीत असणार का? ३० मिलिअ‍ॅम्पिअरचा आरसीडी आणि अर्थिंग कोण तपासणार? रोधाचे तिन्ही आकडे लेखी मिळणार का?

उत्तरे पटली, की शेवटचे काम घरमालकाचे. तार अंथरून झाली की टाइल बसण्याआधी भिंतीपासूनची मापे दिसतील असे फोटो काढून ठेवावेत आणि त्याच टाइल्सपैकी चार-पाच माळ्यावर जपून ठेवाव्यात. पुढे कधी तार तुटली, तर जागा यंत्राने शोधता येते आणि एखादी टाइल काढून दुरुस्ती होते. फोटो नसतील, तर तीच दुरुस्ती अंदाजाने करावी लागते आणि प्रत्येक चुकीच्या अंदाजागणिक एक टाइल जाते.